दुसऱ्या झेंड्यापर्यंत

शनिवार, ७ मे २०११. दुपारचे दोन. किचनर, चर्चच्या बेसमेंटमधला हॉल. डेरेकची शोकसभा.

हजर: डेरेकची बायको ऑड्री. टायरच्या कारखान्यातले त्याचे चार जुने सोबती. आमच्या जुन्या फुटबॉल टीममधल्या तेरा मुली, पालक नऊ, माझा नवरा विवेक आणि मी. गैरहजर: आमची मुलगी रेवा. ती लंडनला युनिव्हर्सिटीत असते. इथलं, ऑन्टॅरिओतलं लंडन, गाडीने सव्वा तासावरचं. कामाची शिफ्ट आहे, असं तिने फोनवर सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे तिलाही ठाऊक होतं.

टेबलावर डेरेकचा एकच फोटो ठेवला होता. विशीतला, काटकुळा डेरेक मैदानाच्या अगदी काठाने चेंडू घेऊन पळतोय आणि त्याचे काळे बूट फक्कीने पांढरे झालेत.

डेरेक होल्मशॉ इंग्लंडमधला व्यावसायिक फुटबॉलपटू होता. उजवा विंगर. म्हणजे मैदानाच्या उजव्या काठाने पळायचं, समोरच्याला चकवायचं आणि गोलसमोर उभ्या असलेल्या आपल्या लोकांकडे चेंडू मारायचा. गोल त्यांच्या नावावर लागतो. "मी वाढप्या होतो," तो म्हणायचा. "जेवले दुसरेच."

२००४च्या एप्रिलमध्ये रेवाचं नाव नोंदवायला मी कम्युनिटी सेंटरमध्ये गेले, तेव्हा माझ्या हातात प्रश्नांची छापील यादी होती. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम बघते. चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय टोस्टरही घेत नाही. टेबलामागे साठीकडे झुकलेला, लाल कानांचा एक माणूस बसला होता. मी विचारलं, "कोचचं क्वालिफिकेशन काय?"

"सात क्लब, लव्ह," तो म्हणाला. त्याच्या गावाकडे बसवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. "आणि सातही ठिकाणहून हाकललेला."

मी कागदावर ७ लिहिलं. त्याने मान वाकडी करून ते वाचलं. "टीमला मॅनेजर हवी आहे," तो म्हणाला. "स्वतःचं पेन घेऊन येणारे लोक मला फारसे भेटत नाहीत."

"मला फुटबॉलमधलं काहीही कळत नाही."

"कुठल्याच मॅनेजरला कळत नाही. तू निदान कबूल करतेस."

अशी मी मॅनेजर झाले. सोळा मुलींची कार्डं, घरचे फोन नंबर, कोणी कोणाच्या गाडीत बसायचं, संत्र्याच्या फोडी कोणी आणायच्या, सगळं माझ्या निळ्या वहीत असे. प्रत्येक कामाच्या आधी मी एक छोटा चौकोन काढते आणि काम झालं की त्यात खूण करते. डेरेक स्वतः काहीही लिहून ठेवत नसे. कोणी काही विचारलं की म्हणायचा, "मिनालला सांगा. मिनालच्या वहीत गेलं म्हणजे झालं." माझं नाव मीनल. सहा उन्हाळ्यांत ते त्याला एकदाही नीट म्हणता आलं नाही.

इकडे मैदानावरच्या रेघा रंगाचा फवारा मारून काढतात. डेरेकला ते मान्य नव्हतं. हाफटाइमला विंगरचे बूट पांढरे दिसले पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. "नाहीतर तो रेघेपाशी नव्हताच. मध्येच कुठेतरी गप्पा मारत होता." म्हणून शनिवारी मॅचच्या तासभर आधी येऊन तो फक्कीची पिशवी आणि एक गंजकी ढकलगाडी काढायचा, आणि फक्त उजव्या बाजूची रेघ नव्याने आखायचा. तिसऱ्या आठवड्यात शहराच्या ऑफिसातून मॅनेजरच्या नावाने पत्र आलं: मैदानावर अनधिकृत पावडर टाकू नये. मी ते त्याला वाचून दाखवलं.

"अनधिकृत," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मला कोणी ना कोणी हेच सांगतंय. फाइलला लाव."

मी लावलं. पुढच्या शनिवारी रेघ होतीच.

आमच्याकडे तो चहाला यायचा तेव्हा चकलीचा डबा लपवावा लागे. चकलीला तो काटेरी तार म्हणायचा. "मिनाल, तार शिल्लक आहे का?" विवेक नागपूरचा. तो मला मराठीत म्हणायचा, "अगं, हा बुवा डबा संपवूनच राहिला. दिवाळीला काय करशील?" आणि डबा पुन्हा त्याच्यापुढे सरकवायचा.

रेवा तेव्हा बारा वर्षांची होती. बुजरी, मैदानात सगळ्यांच्या मागे राहणारी. तिसऱ्या प्रॅक्टिसला डेरेकने तिला रेघेपाशी नेऊन उभं केलं. मी जवळच पाण्याच्या बाटल्या मोजत होते, म्हणून ऐकू आलं.

"या बाजूने तुझ्यावर कोणी येऊ शकत नाही. ही रेघ तुझी पाठराखीण. डिफेंडर फसवतो, रेफ्री फसवतो, मॅनेजर तर त्याचाच पगार घेतो. रेघ आज जिथे आहे तिथेच उद्या असते."

रेवाने खाली बघितलं, मग त्याच्याकडे. "बट यू आर द वन हू ड्रॉज इट, राइट?"

डेरेक इतका हसला की त्याला खोकला आला. "ही उजवीकडेच खेळणार," त्याने मला सांगितलं. "लिहून ठेव."

दोन उन्हाळ्यांत माझी मुलगी बदलली. घरात आणखी एक पोळी हवी असली तरी जिच्या तोंडून शब्द निघत नसे, ती रेघेवर उभी राहून दोन्ही हात वर करून "येस! येस!" असा चेंडू मागायची. मॅच संपली की गाडीत बसण्यापूर्वी बूट वर करून डेरेकला दाखवायची. बूट पांढरे असले तर तो नुसती टोपी उचलायचा. या टोपी उचलण्यासाठी ती आठवडाभर मागच्या अंगणात पळायची.

लंडनला मॅच असली की डेरेक आमच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसे. विवेक गाडी चालवायचा, मी मागे वही घेऊन, शेजारी रेवा कानात हेडफोन घालून. पण त्यात गाणं नसायचं, ती ऐकत असायची. डेरेकची कारकीर्द मला त्या रस्त्यावर तुकड्यातुकड्यांनी समजली.

पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो लँकशरमधल्या एका क्लबात उमेदवारीला लागला. मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचे, स्टँड झाडायचा. एकोणिसाव्या वर्षी पहिली मॅच. दोन हंगाम पेपरात नाव छापून आलं. आणि त्याच सुमाराला तिकडच्या मॅनेजर लोकांनी विंगरशिवाय खेळायचं ठरवलं. एकाने केलं, ते जमलं, मग सगळ्यांनी तेच उचललं. "मी सुतारकाम शिकलो आणि गावाने लाकूड वापरणंच सोडलं," असं तो सांगायचा. मग एका क्लबातून दुसऱ्यात. प्रत्येक नवा मॅनेजर पहिल्याच दिवशी खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, तू माझ्या योजनेत आहेस. "खांद्यावर हात पडला की मी सामान बांधायला घ्यायचो, मिनाल."

काढून टाकल्याचं त्याला कधीच कोणी नीट सांगितलं नाही. दुसऱ्या क्लबात बोर्डावर यादी लागली, तिच्यात नाव नव्हतं. तिसऱ्यात गेटवर खाण्याचे पदार्थ विकणारी बाई म्हणाली, "अरे, तू तर गेलास ना? मग इथे कसा?" चौथ्यात त्याचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराबाहेर ठेवले होते.

"पिशवीला गाठ मारलेली होती," डेरेक म्हणाला. "कोणीतरी बसून ती गाठ मारली. तेवढ्या वेळात मला सांगून झालं असतं."

विवेकने पाऊस नसतानाही हाताने काच पुसल्यासारखं केलं.

फक्त एक माणूस निराळा निघाला, पाचव्या क्लबचा मॅनेजर. तो भर पावसात डेरेकला घेऊन मैदानाभोवती चालला, आणि एक फेरी पूर्ण होईपर्यंत त्याने सगळं खरं सांगितलं. "त्या माणसाने माझी नोकरी घेतली," डेरेक म्हणायचा, "आणि नाताळचं कार्ड मी त्या एकट्यालाच पाठवतो." सातवा क्लब टोरंटोतला. तो दोन वर्षांत बुडाला, गुडघाही गेला, आणि डेरेक किचनरला टायरच्या कारखान्यात लागला. पुढे तो कारखानाही बंद झाला.

त्या पावसातल्या फेरीवरून त्याने आपली पद्धत बसवली होती. दर शरद ऋतूत पुढच्या वर्षाची टीम निवडायला ट्रायआउट होतात. जागा सोळा, मुली तीसेक. इतर क्लब निवडलेल्या नावांची यादी वेबसाइटवर लावून मोकळे होतात. डेरेक एकेका मुलीला हाक मारून उजव्या रेघेवरून चालायला न्यायचा, अलीकडच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापासून. जिची निवड झाली तिला अर्ध्या रेघेपर्यंत सांगून होई आणि ती तिथूनच पळत परत येई. जिची झाली नाही तिच्याबरोबर तो पलीकडच्या, दुसऱ्या झेंड्यापर्यंत जाई आणि तिच्याचबरोबर परत येई. आम्ही पालक पार्किंग लॉटमधून बघत असू. अर्धी रेघ ओलांडून मुलगी पुढे गेली की तिची आई गाडीतून टिश्यूचा डबा काढून ठेवायची.

"अशी बातमी देऊन मुलीला मैदानाच्या मध्यात एकटं सोडायचं नाही," तो म्हणायचा. "जेवढं रडायचं तेवढं दुसऱ्या झेंड्यापर्यंत आटोपतं. येताना आम्ही तिच्या शाळेबद्दल बोलतो." यादी माझ्या फोल्डरमध्ये बंद असायची, शेवटची मुलगी परत आल्यावरच ती बाहेर काढायची. "एखाद्या मुलीला यादीतून कळलं तर त्या दिवशी मी हे काम सोडेन." हे वाक्य माझ्या वहीत आहे, तारखेसकट.

रेवा दरवर्षी अर्ध्या रेघेवरून पळत परत आली.

२००९च्या सप्टेंबरमध्ये आमच्या बेसमेंटमध्ये पालकांची बैठक होती. जवळच एक मोठा क्लब मुलींची तगडी टीम उभी करतोय आणि त्यांनी डेरेकला विचारलंय, अशी कुजबुज होती. एका वडिलांनी सरळच विचारलं. डेरेक तेव्हा निघायच्या बेतात होता. "मी कुठे जातोय?" तो म्हणाला. "मिनालने पुढच्या वर्षीची मैदानंसुद्धा बुक करायला घेतलीत." आणि जाताजाता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी सामान बांधायला हवं होतं. मी मैदानांचे अर्ज भरले.

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी, लंच ब्रेकमध्ये, तारखा तपासायला मी लीगची वेबसाइट उघडली. त्या मोठ्या क्लबच्या पानावर नवी यादी होती. हेड कोच: डेरेक होल्मशॉ. खाली नावं होती, आडनावांच्या क्रमाने. आमच्या सोळांपैकी अकरा. मी तीनदा मोजली. काळे हे आमचं आडनाव कुठेच नव्हतं. माझा डबा तसाच राहिला. त्या दिवशी ऑफिसात मी काय तपासून पास केलं ते मला आठवत नाही.

घरी गेले तर रेवा किचनमध्ये फोन हातात घेऊन उभी. तिची मैत्रीण मॅडी त्या अकरांत होती.

"ही फोन्ड देम, आई. अकरा जणींना. फोनवर."

"आणि तुला?"

"नोबडी कॉल्ड मी." मग तिने विचारलं, "इज इट ऑन द वेबसाइट?"

"हो."

"ओके," ती म्हणाली आणि पानं घ्यायला लागली.

कारण दोन दिवसांनी एका पालकाकडून कळलं. नव्या क्लबची खेळाची पद्धत ठरलेली होती. तिन्ही पुढचे खेळाडू मध्यात. ते विंगर खेळवतच नव्हते. ज्याच्या पायाखालची जमीन अशीच काढून घेतली होती, त्याने माझ्या मुलीला ते काम सहा वर्षं शिकवलं, आणि मग त्याच कारणासाठी तिला मागे ठेवलं. न सांगता. यादीतून.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. विवेक गाडीला विंटर टायर लावून घ्यायला गेला होता. दारात डेरेक. गाडी आमच्या घरासमोर लावलेली, टोपी हातात.

"आत येत नाही," तो म्हणाला. "रेवा आहे का? तिला जरा चालायला न्यायचंय. तुमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत."

"यादी वाचली आम्ही."

"माहीत आहे." तो पायरीकडे बघत होता. "ते विंगर खेळवत नाहीत, मिनाल. मला तिच्यासमोर उभं राहून हे बोलता येईना. बाकी कोणालाही सांगितलं असतं. तिला नाही."

"माझ्या बेसमेंटमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तेव्हा तरी बोलायचं होतंस."

"हो," तो म्हणाला. "तेव्हाच." टोपी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाला, "बासष्टाव्या वर्षी कोणीतरी मला म्हणालं, तू आम्हाला हवा आहेस. हे मी कधी ऐकलं नव्हतं, लव्ह. मला नाही म्हणता आलं नाही."

मला त्या क्षणी एकच दिसत होतं: याला पुन्हा एकदा गाठ मारलेली पिशवी मिळायला हवी.

"रेवा घरी नाही," मी म्हणाले.

रेवाचे फुटबॉलचे बूट माझ्या पायाशी दारातच होते. वरून तिच्या हेअर ड्रायरचा आवाज येत होता. डेरेकने बूट बघितले, वर जिन्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"बरं. मी आलो होतो एवढं तिला सांग. तुझ्या वहीत गेलं म्हणजे झालं."

मी दार लावलं आणि खिडकीशी गेले. तो गाडीत बसला नाही. टोपी घातली आणि फुटपाथच्या कडेने एकटाच चालत रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, जिथे सगळ्यांच्या टपालपेट्या आहेत तिथपर्यंत. क्षणभर थांबला. मग त्याच चालीने परत आला आणि गाडी घेऊन गेला. आमच्या खिडकीकडे त्याने पाहिलं नाही.

मी वहीत लिहिलं: डेरेक आला होता, रेवाला सांगणे. चौकोन काढला.

ते एका वाक्याचं काम होतं. त्या दिवशी राग होता म्हणून राहिलं. आठवड्याने रेवा शाळेतून आली आणि सिंकपाशी उभं राहून बाटली भरताभरता म्हणाली, "ही वॉक्ड द अदर फोर, आई. चौघींच्या घरी गेला. द सेम संडे. जस्ट नॉट मी."

बाटली भरून वाहत होती. तेव्हा सांगायचं होतं. मी म्हणाले, "नळ बंद कर गं."

रेवाने पुन्हा बूट घातले नाहीत. लंडनला गेल्यावर युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी ट्रायआउट होत्या. मी तारीख काढून तिला पाठवली. तिने उत्तर दिलं, "सो आय कॅन गो रीड अ लिस्ट?"

डेरेक नव्या क्लबात एकच हंगाम टिकला. त्यांनी तरुण कोच आणला आणि याला ई-मेलने कळवलं. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. ते मी लपवत नाही. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये तो हृदयविकाराने गेला. दीड वर्षात आमची गाठ पडली नाही.

चर्चच्या हॉलमध्ये चहा ओतताना ऑड्रीने माझा हात धरला.

"रेवा नाही आली?"

"तिची शिफ्ट होती."

"त्या रविवारी तो गळून घरी आला होता गं. म्हणाला, चौघींबरोबर चाललो, पाचवी घरी नव्हती. मी म्हटलं, मग पुन्हा जा. तर म्हणाला, गरज नाही, मिनालने लिहून घेतलंय." ती थोडी हसली. "काय म्हणाली ती, ऐकून?"

मी दाराशी खोटं बोलले होते, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"काही बोलली नाही," मी म्हणाले.

गाडीत मी विवेकला सगळं सांगितलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला.

"दीड वर्ष?" विवेक म्हणाला.

"त्याने आपल्याला फसवलं, विवेक."

"फसवलंच. मी कुठे नाही म्हणून राहिलो? पण पोरीला वाटून राहिलं ना, की तिच्याचकडे नाही आला. फोन लाव आत्ता."

"फोनवर नको."

मेमधल्या लाँग वीकेंडला रेवा घरी आली. तिची ग्रोसरी, चष्म्याचा नंबर, बँकेचं काम, सगळ्यावर खुणा झाल्या. रविवारी सकाळी मी म्हणाले, "चल, टोकापर्यंत चालून येऊ." तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि चपला घातल्या. ती रूममेटच्या मांजराबद्दल बोलत होती. माझं पहिलं वाक्य तयार होतं. निळ्या घरापाशी, म्हणजे साधारण अर्ध्या रस्त्यात, ती म्हणाली, "आई, यू ओके?" मी म्हणाले, गॅसवर दूध ठेवून आले बहुतेक. आम्ही तिथूनच मागे वळलो.

त्याने जे केलं ते मी अजून माफ केलेलं नाही. पण तो तीन आठवडे उशिरा का होईना, टोकापर्यंत जाऊन आला होता.

जानेवारीत मी वही बदलते. जुन्या वहीतली राहिलेली कामं नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायची माझी पद्धत आहे. यंदा एकच होतं.